चित्रांचं हॉटेल आणि कोल्हापूरचा फ्रेमवाला

हॉटेलचं नाव देत नाही, त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे खोलीचं बिल मी भरलेलं नाही, आमच्या डॉक्टरांनी भरलं. दुसरं, त्या हॉटेलातल्या निम्म्याअधिक फ्रेमा नव्यानं करायला झाल्यात आणि ते काम पुढंमागं माझ्याकडं यावं अशी माझी इच्छा आहे. खाणाखुणा सांगतो. मुंबईत फोर्टातली जुनी दगडी इमारत, तळाला झेरॉक्सवाला आणि वकिलांच्या पाट्या, वरचे दोन मजले हॉटेलचे, काळ्या घोड्यापासून रमतगमत पाच मिनिटं. अशी तीन-चार हॉटेलं त्या भागात आहेत. सगळ्यांना आपलंच वर्णन वाटलं तरी चालेल, फ्रेमा सगळीकडंच असणार.

माझं कोल्हापुरात फ्रेमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. अंबाबाई, जोतिबा, सत्काराची मानपत्रं, लग्नातले फोटो आणि वारलेल्या माणसांचे फोटो, यावर गल्ला चालतो. पण आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटरांचं गाव आहे, त्यामुळं चित्रकार गिऱ्हाईकही कायम असतं. आमचे हाडांचे एक डॉक्टर प्रॅक्टिस सोडून जलरंगात पडलेत. त्यांना मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळाली. ती मिळायला लोक वर्षंच्या वर्षं थांबतात, त्यामुळं डॉक्टर हवेत होते. चित्रं टेम्पोनं गेली, आम्ही नवरा-बायको महालक्ष्मीनं गेलो. राहायची सोय डॉक्टरांच्या पोरानं इंटरनेटवर बघून केली. ‘काका, भिंतीभिंतीवर आर्ट आहे, तुमच्यासाठीच आहे हे हॉटेल,’ म्हणाला. स्वतः डॉक्टर मात्र दादरला मेव्हण्याकडं उतरले.

चेक-इन दुपारी दोनला. कोल्हापूरच्या माणसाला ही वेळ कधीच सोयीची नाही, कारण आपली गाडी सकाळीच सीएसएमटीला आणून सोडते. रिसेप्शनवरच्या पोरीनं घड्याळ दाखवलं, पण तोंड वाकडं केलं नाही. सामान ठेवून घेतलं, गच्चीवरचं न्हाणीघर उघडून दिलं, दोन स्वच्छ टॉवेल दिले आणि चहा विचारला. चहाचं बिल लावलं नाही. हॉटेलातली माणसं चांगली आहेत, हे पहिल्यांदाच लिहून ठेवतो, कारण पुढं भिंतींबद्दल बरंच बोलायचंय.

इमारत झकास आहे. सागवानी जिना, शंभर वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेला कठडा, जाळीची जुनी लिफ्ट, दोन्ही दारं नीट लागल्याशिवाय हलत नाही अशी. खाली सिमेंटच्या रंगीत लाद्या. या लाद्या मुंबईत बनायच्या. भारत फ्लोरिंगनं १९२२ साली स्वदेशीच्या हवेत त्या काढायला सुरुवात केली. इथल्या नेमक्या कुणाच्या ते मला कळत नाही, पण नक्षीचे सांधे अजून जुळून आहेत आणि वर पॉलिशचा चकचकीत थर मारलेला नाही, ही अक्कल ज्यानं दाखवली त्याला माझा नमस्कार. छताच्या तुळया उघड्या ठेवल्यात. जुन्या इमारतीला हात लावताना कुठं थांबायचं हे या लोकांना कळतं.

मग भिंतीकडं बघितलं.

लॉबीत सोफ्यामागं एक मोठं तैलचित्र आहे, सहा बाय चार फुटाचं असावं. चाळीची गॅलरी, वाळत घातलेले कपडे, एक बाई खाली वाकून कुणाला तरी हाक मारतेय. हात सराईत आहे, ओल्या लुगड्याचं वजन दिसतं. चित्रावर सही अर्धी फ्रेमखाली गेलेली. म्हणजे फ्रेमवाल्यानं पट्टीची खाच सहीवर चढवली. एवढं चित्र विकत घेताना पैसे मोजले असतील, मग चित्रकाराचं नाव दाबून कसं टाकलं? मी पोरीला विचारलं, कुणाचं हो हे? तिनं एक पुस्तिका दिली, हातकागदाची, छान छापलेली. त्यात इंटिरियर डिझायनरचं नाव आणि फोटो एक पानभर. साबण कुठल्या गावात बनतो तेही आहे. चित्रकाराचं नाव नाही. खोलीतल्या तिजोरीचा आकडा कसा बदलायचा हे तीन भाषांत लिहिलंय, पण भिंतीवरच्या एकाही चित्राखाली बोटभर चिठ्ठी नाही.

लॉबीतच खिडकीसमोर फ्लोरा फाउंटनचं एक जलरंगातलं चित्र आहे. मागं गुलमोहर असावा असं झाडाच्या आकारावरून वाटतं, कारण फुलं पांढरट पडलीत. लाल रंगात अलिझरीन क्रिमझन असणार, तो उन्हात टिकत नाही. दुपारी चारनंतर ऊन सरळ त्या काचेवर येतं. दुकानात असलं चित्र आलं तर मी आधी विचारतो, घरात कुठं लावणार? खिडकीसमोर म्हटलं की जागा बदला म्हणून सांगतो. गिऱ्हाईक ऐकत नाही, हा भाग वेगळा. ते चित्र दोन पावलं डावीकडं सरकवलं तरी वाचेल. खर्च एका खिळ्याचा.

आता चांगली गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या अरुंद बोळात एका रांगेत कोरीव छापे लावलेत. एचिंग. ससून डॉकवरच्या कोळणी, पावसातली टॅक्सी, मांजर बसलेली पोस्टाची पेटी. प्रत्येकाखाली पेन्सिलनं क्रमांक आणि सही, पाहिजे तशी. पट्टी काळी, अर्ध्या इंचाची, कुठंही मिरवत नाही. माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठ्याचा कोरा काठ, तिन्ही बाजूंनी अडीच इंच आणि खाली तीन. खालची बाजू थोडी जास्त ठेवली नाही तर चित्र घसरल्यासारखं दिसतं. माझ्या खिशात टेप असतोच. चित्राचा मध्य जमिनीपासून अठ्ठावन्न इंचांवर, सगळ्यांचा. म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाची नजर बरोबर चित्रावर. एक फ्रेम हळूच भिंतीपासून ओढून मागं बघितलं, तर खालच्या दोन्ही कोपऱ्यांत फेल्टच्या टिकल्या चिकटवलेल्या, मागून हवा खेळावी म्हणून. मुंबईच्या दमटपणात हे केलं नाही तर पहिल्या पावसाळ्यात बुरशी धरते. ज्या कुणी हा बोळ केला तो लॉबीवाला नव्हे. बायको म्हणाली, ‘तुम्ही हॉटेलातल्या फ्रेमा उचकटताय, कॅमेऱ्यात दिसतंय.’ दिसू दे. मी त्या बोळात प्रदर्शनाच्या दिवसांत रोज उभा राहिलो. त्या हॉटेलात उतरलात आणि खोली पहिल्या मजल्यावर मिळाली, तरी जिना चढून हे बघा.

खोल्यांना नंबर नाहीत. रंगांची नावं आहेत: गेरू, हळद, काजळ, नीळ. आमची नीळ. वाचायला गोड आहे. रात्री पार्सल मागवलं तर पोऱ्या फोनवर ‘रूम नंबर बोला’ म्हणतो, आणि खाली फोन केला तर रिसेप्शनही ‘दोनशे तीन ना सर?’ असंच विचारतं. म्हणजे नंबर आहेत, फक्त पाहुण्यांना सांगत नाहीत.

नीळ खोली आकारानं बेताची, पण छत उंच. गादी उत्तम, चादर सुती, उशा दोन जातीच्या. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर भलामोठा कॅनव्हास प्रिंट: स्वार नसलेला काळा घोडा. हा नवा घोडा, २०१७ साली बसवलेला. मूळ पुतळ्यावर सातवा एडवर्ड बसला होता. तो १९६५ साली तिथून हलवला आणि आता राणीच्या बागेत आहे. एवढी वर्षं घोडा नसताना जागेचं नाव घोडाच राहिलं. चौकात समोर उभं राहून बघण्यासारखा आहे तो नवा घोडा. आमच्या डोक्यावरचा मात्र छापील होता. छापील असण्याला माझी ना नाही, माझ्या दुकानात रोज तेच जातं. पण चौकटीला कापड ताणून धरणाऱ्या पाचरी नाहीत, त्यामुळं उजवा खालचा कोपरा सैल पडून पोक आलेला, आणि एवढा जड ऐवज एका खिळ्यावर, सुती दोरीनं, झोपलेल्या माणसाच्या कपाळावर टांगलेला!

मी रात्री तो उतरवून भिंतीला टेकवून ठेवला. सकाळी बाहेर गेलो, परत आलो तर पुन्हा वर. पुन्हा उतरवला. दुसऱ्या दिवशी हाऊसकीपिंगचा पोरगा दारात गाठ पडला.

‘काका, चित्र आवडलं नाही का?’

‘चित्र बरं आहे रे, खिळा आवडला नाही. कुठला तू?’

‘संगमेश्वर.’

‘मग ये इकडं, धर जरा.’

प्रदर्शनासाठी हत्यारांची पिशवी बरोबर होतीच. चौकटीला दोन बाजूंना दोन कड्या मारल्या, वायर ओवली, भिंतीत दुसरा खिळा घेतला. भोक पाडायच्या आधी त्यानं खाली विचारून घेतलं, हेही बरं केलं. पोरगा हुशार. म्हणाला, रोज सकाळी तो सगळ्या फ्रेमा सरळ करत फिरतो, दुसऱ्या दिवशी परत वाकड्या. मी म्हटलं, एका खिळ्यावर टांगलेलं चित्र सरळ राहतच नाही, दार आपटलं की फिरतं. दोन खिळे. त्यानं फोनमध्ये फोटो काढून घेतला. ते हॉटेल पुढच्या वर्षी सरळ दिसलं तर श्रेय त्याचं, आणि दोन कड्यांचे पैसे माझे.

दिव्यांचं सांगतो. तांब्याच्या जुन्या घंगाळाला भोकं पाडून पलंगाशेजारी दिवा केलाय. छतावर नक्षी सुरेख पडते. पुस्तकावर उजेड पडत नाही. स्विच सगळे काचेचे, बोट लावायचे, अंधारात दिसत नाहीत. पलंगाखाली एक निळा दिवा रात्रभर जळत होता, तो कसा बंद करायचा हे आम्हाला कळलं नाही आणि खालून आलेल्या माणसालाही पहिल्या फटक्यात कळलं नाही. शेवटी बायकोनं त्यावर माझा शर्ट टाकला.

आणि न्हाणीघर. भिंत काचेची. पूर्ण. आतून एक पडदा आहे, तोही जाळीदार. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी या सोयीची गरज आम्हाला कधी वाटली नव्हती. आईवडिलांना किंवा मोठ्या पोरांना घेऊन जाणार असाल तर बुकिंगच्या वेळी विचारून घ्या. गेरू आणि हळद या खोल्यांना विटांची भिंत आहे, मी डोकावून बघून आलो. गरम पाणी भरपूर आणि लगेच. बादली-मग मागितला तर पाच मिनिटांत आला. बेसिन मात्र पसरट आणि उथळ, तोंड धुतलं की पोट भिजतं.

आवाजाचं दोन प्रकारचं आहे. फोर्ट म्हणजे कचेऱ्यांचा भाग, रात्री आठनंतर रस्ते ओस पडायला लागतात आणि रविवारी तर अख्खा रस्ता तुमचाच. पण गल्लीत मागच्या बाजूला एक बार आहे आणि मध्यरात्र उलटल्यावर दिवसभराच्या बाटल्या पिंपात ओततात. रोज. शिवाय एसीच्या बाहेरच्या डब्यावर कबुतरांचा संसार, पहाटे पाचला घुमायला सुरुवात. रस्त्याकडची खोली मागा. दिवसा हॉर्न ऐकू येतील, पण दिवसा खोलीत बसायला मुंबईला कोण जातंय?

नाश्ता खोलीभाड्यात धरलेला आहे. पहिल्या दिवशी पोहे मागवले. शाळेतल्या दगडी पाटीवर आले. वर डाळिंबाचे दाणे, बाजूला एक फूल. लिंबू मागितलं तर फोड मलमलच्या फडक्यात बांधून आणली, बी पडू नये म्हणून. बायको ते फडकं सोडून बघत होती की आत काही औषध आहे का. पोहे चवीला ठीक, पण पाटीवरून चमच्यानं खाताना निम्मे टेबलावर. मिसळही आहे यादीत. कोल्हापूरच्या माणसानं ती मागवायला नको होती, पण कुतूहल असतं. मोड आलेली मटकी एका वाटीत, फरसाण दुसऱ्या वाटीत, आणि कट एका बाटलीत, अत्तराच्या. काय राव. त्या बाटलीवर चित्र काढून जहांगीरला ठेवा, पण मिसळ म्हणू नका. याउलट खिमा-पाव अस्सल इराणी धर्तीचा, ब्रून मस्का कडक आणि मस्का सढळ, कॉफी तर फारच चांगली. तेवढ्यावर रोज भागवा. दुपारचं जेवण तिथं घेऊ नका, बाहेर उडप्याकडं चौथ्या हिश्शात होतं.

जागेला मात्र तोड नाही. जहांगीरचं प्रदर्शन मंगळवारपासून सोमवारपर्यंत असतं. आधीच्या चित्रकाराची चित्रं उतरली की आपली टांगायची, वेळ थोडा आणि जीव अर्धा. त्यात एक काच तडकली तर खोलीवर पळत जाऊन दुसरी आणता आली, कारण जादा काचा पलंगाखाली ठेवल्या होत्या, त्या निळ्या दिव्याशेजारी. डोंबिवलीला उतरलो असतो तर काचेविनाच उद्घाटन झालं असतं. १९५२ सालची ती गॅलरी, आत शिरलं की माझ्यासारख्या माणसाचाही आवाज आपोआप खाली येतो. बाहेर फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात. तिथल्या एका पोराची पोर्ट्रेटं हॉटेलच्या लॉबीपेक्षा नीट मांडलेली होती, कठड्याला दोरी बांधून, एका ओळीत.

संध्याकाळी मोकळीक मिळाली की आम्ही दोघं हिंडायचो. डेव्हिड ससून वाचनालय १८७० चं, पिवळट दगडाचं. पलीकडच्या गल्लीत १८८४ चं निळं सिनेगॉग. ती निळाई मात्र खरी नीळ, आमच्या खोलीनं तिच्याकडून शिकावं. आणि वॉटसन हॉटेलची इमारत. लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून इथं आणून जोडलेला, १८९६ च्या जुलैत ल्युमिए बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली ती इथंच. आपल्या काळातलं ते सगळ्यात झोकात हॉटेल होतं, आता मोडकळीला आलंय. त्याच्या जवळ दुसरं कुणी जुनी इमारत नीट राखून हॉटेल चालवतंय, याचं मला बरं वाटलं. एवढ्यासाठी अत्तराच्या बाटलीतला कट माफ करायला मी तयार आहे.

पैशाचं. आम्ही होतो तेव्हा खोली ८,२०० रुपये. साडेसात हजारांच्या वर भाडं गेलं की जीएसटी १८ टक्के, म्हणजे एका रात्रीचे ९,६७६. एवढ्यात कोल्हापुरात माझ्या दुकानाचं महिन्याचं भाडं निघतं. स्वतःच्या खिशातून मी देईन का? गादी, जागा, माणसं आणि तो बोळ धरला तर सहा हजारांपर्यंत आनंदानं. उरलेले ते चित्रांच्या नावावर घेतात, आणि ते घ्यायचे तर मग चित्रांखाली नावं लिहायला पायजेत. पाच ताऱ्यांपैकी साडेतीन. नावं लिहिली तर चार. बाटलीतला कट बंद केला तर सव्वाचार.

तुम्ही प्रदर्शनाला, कोर्टाच्या कामाला किंवा नुसतं दक्षिण मुंबई पायी बघायला जाणार असाल तर जरूर उतरा. हुतात्मा चौकाचं मेट्रो स्टेशनही आता हाकेच्या अंतरावर आहे, टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालायला नको. लहान पोरं बरोबर असतील तर जिन्याच्या कठड्याच्या फटी मोठ्या आहेत, तेवढं लक्षात ठेवा. आणि काळा घोडा महोत्सवाचे नऊ दिवस टाळा. थंडी सरता सरता असतो तो, १९९९ पासून चालू आहे. रस्ता गाड्यांना बंद, माणूस माणसाला चिकटून चालतो, आणि रिसेप्शनवरच्या पोरीनं सांगितलं की तेव्हा भाडं दुप्पट होतं. महोत्सव बघायचाच असेल तर दिवसभर बघा आणि रात्री डोंबिवलीच्या पाहुण्याकडं झोपायला जा. त्याच्या भिंतीवर माझीच फ्रेम आहे, दोन खिळ्यांवर.